गरज संपल्यानंतरची नोकरी: सोडण्याआधी अटी बदलून पाहाव्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका अभियांत्रिकी कंपनीत गुणवत्ता विभागाचे उपमहाव्यवस्थापक असलेले ५२ वर्षांचे गृहस्थ लिहितात की घराचे कर्ज फिटले आहे, मुलगी नोकरीला लागली आहे, मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ५० वर्षांच्या पत्नी एका खाजगी शाळेत शिकवतात आणि ७८ वर्षांच्या आई सोबत राहतात. भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ, म्युच्युअल फंड आणि मुदत ठेवी मिळून ४ कोटी ५ लाख रुपये जमले आहेत आणि एका जादा फ्लॅटचे महिना १६ हजार रुपये भाडे येते. घरखर्च महिना ९० हजार आहे. काम वाईट नाही, वरिष्ठही त्रास देत नाहीत, मात्र हे सगळे कशासाठी चालले आहे ते कळेनासे झाले आहे. तर पैशाची गरज नसताना नोकरी करत राहावे का?

माझे मत आधीच सांगतो. आपण आणखी सुमारे तीन वर्षे काम करावे, परंतु आज ज्या अटींवर करता आहात त्या अटींवर करू नये. आर्थिक नियोजनाच्या व्यवसायात गेली अनेक वर्षे हा प्रश्न घेऊन येणारी माणसे मी पाहतो आहे आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मनात दोनच चित्रे असतात: एक तर सकाळी साडेसातच्या कंपनीच्या बसपासून रात्रीच्या फोनपर्यंतची पुरती बांधिलकी, नाही तर दुसऱ्या दिवसापासून पुरती सुट्टी. पगारावाचून ज्याचे अडत नाही त्याला कामाच्या अटी ठरवण्याची जी मोकळीक मिळते, तिचा वापर या दोन्ही चित्रांत कुठेच नसतो. पंचवीस वर्षे खपून मिळवलेली ही मोकळीक राजीनाम्याच्या दिवशी एकदाच वापरून संपवणे मला उधळेपणाचे वाटते.

तथापि "पैशाची गरज नाही" हे विधान आधी तपासून घेतले पाहिजे, कारण माझ्या अनुभवात ते जितक्या सहज उच्चारले जाते तितके पक्के क्वचितच असते. वार्षिक खर्च १० लाख ८० हजार आणि जमा ४ कोटी ५ लाख, म्हणजे खर्चाच्या साडेसदतीस पट रक्कम हाताशी आहे. अमेरिकेत विल्यम बेंगेन या आर्थिक सल्लागारांनी १९९४ मध्ये तिथल्या जुन्या बाजारभावांच्या आधारे असे मांडले की पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के रक्कम काढून पुढे दर वर्षी महागाईइतकी वाढवत नेली, तर पुंजी ३० वर्षे पुरते. ४ टक्के म्हणजे २५ पट. या हिशेबाने आपण केव्हाच पार झालात असे वाटेल. मात्र तो हिशेब अमेरिकेच्या महागाईवर बेतलेला आहे आणि ३० वर्षांचा आहे. आपल्या पत्नींचे वय लक्षात घेता आपल्याला ४० वर्षांची तजवीज हवी. म्हणून आपल्याकडे ३ ते साडेतीन टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, म्हणजे २८ ते ३३ पट रक्कम असावी, असे मी धरतो.

आता जमेतून काय वजा व्हायचे आहे ते पाहू. मुलाचे उरलेले शिक्षण आणि तो म्हणालाच तर पुढची पदव्युत्तर पदवी यांसाठी ३० लाख, दोन्ही मुलांच्या लग्नांसाठी ५० लाख (आपण साधेपणाने करू म्हणाल, मुलांना आणि व्याह्यांना विचारले आहे का?), आणि आईंच्या व आपल्या आजारपणासाठी २५ लाख बाजूला ठेवले, तर उरतात ३ कोटी. खर्चाच्या बाजूला कंपनीची गाडी व तिचे इंधन, कंपनीचा मोबाइल, आणि सर्वांत मोठे म्हणजे आईंसह सगळ्या कुटुंबाला मिळणारा कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा, हे आज आपल्या ९० हजारांत दिसतच नाहीत. ते धरले की महिन्याचा खर्च १ लाख १० हजारांच्या खाली येणार नाही. वर्षाचे १३ लाख २० हजार. त्यातून भाड्याचे १ लाख ९२ हजार वजा केले तर ११ लाख २८ हजार. तीन कोटींना या रकमेने भागले की साडेसदतीसचे साडेसव्वीस होतात. महागाई ६ टक्के धरली तर आजचे १ लाख १० हजार बारा वर्षांनी सुमारे २ लाख २० हजार होतील आणि चोवीस वर्षांनी, म्हणजे आपण ७६ वर्षांचे असताना, साडेचार लाखांच्या जवळ जातील. याच्या जोडीला बाजाराचा धोका आहे. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या घरात गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ९ हजारांच्या खाली आला होता. नोकरी सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत असे झाले आणि त्याच पडत्या भावात युनिट विकून घर चालवावे लागले, तर पुढे बाजार सावरूनही पुंजी सावरत नाही.

याचा अर्थ आपण अडचणीत आहात असा मुळीच नाही. आपल्या पत्नींचा पगार महिना ६० हजार आहे असे आपण लिहिले आहे आणि शाळेत त्यांची आठ वर्षे उरली आहेत. तेवढा काळ घराचा निम्म्याहून जास्त खर्च त्यातून भागेल आणि पुंजीला फारसा हात लावावा लागणार नाही. परंतु मग नेमके विधान असे होते की "पत्नीने आठ वर्षे नोकरी केली तर मला नोकरीची गरज नाही." आपल्या सबंध पत्रात पत्नींचे मत काय आहे, याबद्दल एक ओळही नाही. गुडघे दुखतात, वर्गात दिवसभर उभे राहावत नाही, म्हणून त्यांनाही दोन वर्षांत थांबायचे असेल तर? हा निर्णय त्यांच्या पगारावर उभा आहे, म्हणून तो दोघांनी मिळून करायचा आहे, आणि हे बोलणे आकडेमोडीच्या आधी व्हायला हवे होते.

आता तीन वर्षांनी काय फरक पडतो ते सांगतो. आपण हातात येणाऱ्या पगारातून वर्षाला १८ लाख बाजूला टाकले आणि पुंजीवर कर वजा जाता ८ टक्के परतावा धरला, तर ३ कोटींचे तीन वर्षांत सुमारे ४ कोटी ३६ लाख होतात. त्याच काळात महागाईमुळे ११ लाख २८ हजारांचे १३ लाख ४३ हजार होतात. भागाकार सुमारे ३२ येतो. साडेसव्वीसचे ३२ झाले की पत्नींनी मनात येईल तेव्हा नोकरी सोडली तरी घर चालते. त्यापुढची तीन वर्षे मात्र या अर्थाने फारशी उपयोगाची नाहीत. ती करायची असतील तर कामाच्या आवडीखातर करावीत. हे सांगण्याचे कारण असे की "आणखी एकच वर्ष" हा रोग मी बऱ्यापैकी हुशार माणसांना जडलेला पाहिला आहे. सहा कोटी असलेला माणूस सात कोटींची वाट पाहतो, सात झाले की मुलीसाठी पुण्यात फ्लॅट घ्यायचा असतो, आणि साठाव्या वर्षी कंपनीच त्याला हार घालून घरी पाठवते. म्हणून ३२ पट हा आकडा आजच कागदावर लिहून पत्नींच्या हाती द्यावा.

तीन वर्षे म्हणण्यामागे आणखी दोन कारणे आहेत आणि दोन्ही नियमांतून येतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साधारणपणे ६० वर्षांनंतर खुली होते, परंतु ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्या व्यक्तीला निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, त्या रकमेच्या मर्यादेत आणि जास्तीत जास्त ३० लाखांपर्यंत, तीत गुंतवणूक करता येते. ५२ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला ही सोय नाही. दुसरे कारण आरोग्य विम्याचे. आपल्याला मधुमेह आहे असे आपण ओझरते लिहिले आहे. स्वतंत्र विमा घेताना आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे तेवढ्या काळात त्या आजारांचा खर्च विम्यातून मिळत नाही. एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा करण्यात आला आहे. आज कुटुंबाचा स्वतंत्र विमा घेतला तर हा काळ कंपनीच्या विम्याच्या छत्राखाली सरून जाईल. नोकरी सोडल्यावर घेतला तर तीच तीन वर्षे उघड्यावर काढावी लागतील. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. आईंसाठी विमा घेण्याला वयाची कमाल मर्यादा आता नियमाने नसली तरी तपासणीनंतर नाकारण्याचा अधिकार विमा कंपनीला आहेच. त्यामुळे सामूहिक विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक विम्यात स्थलांतर करता येते का, याची चौकशी नोकरीत असतानाच करावी.

पैशाचे एवढे पुरे. आपला खरा प्रश्न पुढचा आहे.

सोडल्यावर काय करणार, याविषयी आपण "वाचन, प्रवास आणि थोडीफार शेती" असे लिहिले आहे. हे तीन शब्द मला इतक्या वेळा ऐकायला मिळतात की त्यांचा मी आता उलटा अर्थ लावतो: म्हणजे अजून काही ठरलेले नाही. वर्षातून दोन मोठे प्रवास केले तरी महिनाभर जातो. अकरा महिने उरतात. वाचनाची सवय असलेला माणूस नोकरीतही वाचतोच. ज्याच्या उशाशी आज पुस्तक नाही त्याच्या उशाशी ते निवृत्तीने येत नाही. शेतीबद्दल सांगायचे तर आपल्या नावावर किंवा वडिलोपार्जित सातबाऱ्यावर जमीन नसेल, तर महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून शेतजमीन विकतच घेता येत नाही. आणि असेल, तर निफाड-दिंडोरीकडच्या कोणत्याही द्राक्षबागायतदाराला "थोडीफार शेती" म्हणजे काय ते एकदा विचारून यावे. ऑक्टोबर छाटणी आणि एप्रिल छाटणी यांच्या मधोमध अवकाळी पाऊस असतो, एवढे तो नक्की सांगेल.

नोकरी पगाराखेरीज काय देते, याचा सर्वांत चांगला पुरावा मला एका जुन्या पाहणीत सापडतो. व्हिएन्नाजवळच्या मारिएंटाल या गावातली कापड गिरणी जागतिक मंदीच्या सुरुवातीला बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांनी तिथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. गावात वाचनालय होते, वर्गणी माफ झाली होती, वेळ अमाप होता. तरी पुस्तके नेण्याचे प्रमाण घटले. संशोधकांनी रस्त्यावरून चालणाऱ्यांचा वेग घड्याळ लावून मोजला, तेव्हा पुरुष बायकांपेक्षा हळू चालताना आढळले, मध्येच थांबताना आढळले. बायकांना घरी चूल, मुले, धुणे होते. त्यांचा दिवस मोडला नव्हता. ते लोक दारिद्र्यात होते आणि आपण नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मी झाकून ठेवत नाही. परंतु त्याच अनुभवातून याहोदा यांनी पुढे जे मांडले ते संपन्न माणसालाही लागू पडते: दिवसाला आखणी, घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध, एकट्याने होणार नाही अशा कामात वाटा, समाजात ओळख आणि हातपाय-डोके चालते ठेवण्याची सक्ती, या पाच गोष्टी नोकरी न मागता देते. न मागता मिळतात म्हणूनच त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांचे उदाहरण देतो. तेही आपल्यासारखेच गुणवत्ता विभागातले, आणि त्यांनी ५३ व्या वर्षी, पुरेशी पुंजी असताना, सरळ राजीनामा दिला होता. वर्षभराने पती-पत्नी दोघे आढाव्याला आले. पुंजी उत्तम होती. बाईंनी मोबाइलवरचा एक फोटो माझ्यापुढे धरला: स्वयंपाकघरातल्या फडताळात सगळे डबे एकाच आकाराचे, प्रत्येकावर छापील चिठ्ठी, चिठ्ठीवर डाळीचे नाव, आणल्याची तारीख आणि "आधी आलेले आधी वापरा" ही सूचना, दाराच्या आतल्या बाजूला आठवड्याच्या तपासणीचा तक्ता, त्यावर यांच्या सह्या. "मला माझे तिखट सापडत नाही," त्या म्हणाल्या, "यांना कुठेतरी चिकटवा." हसू आले तरी त्यातले दुःख खरे होते. तीस वर्षे चुका हुडकण्यात तरबेज झालेली नजर दुसऱ्या दिवशी निवृत्त होत नाही. तिला कारखाना मिळाला नाही तर ती घरात कारखाना शोधते. हे गृहस्थ आज आठवड्यातून तीन दिवस छोट्या उद्योजकांना निर्यातीसाठी लागणारी प्रमाणपत्रे मिळवून देण्याचे काम करतात, आणि फडताळ बाईंच्या ताब्यात परत गेले आहे.

लवकर निवृत्तीचा स्मरणशक्तीवर परिणाम होतो का, हे सुझान रोवेडर आणि रॉबर्ट विलिस यांनी अमेरिका, इंग्लंड आणि काही युरोपीय देशांतल्या साठीच्या सुरुवातीच्या लोकांची तुलना करून पाहिले होते. २०१० च्या त्या शोधनिबंधानुसार जिथे लोक लवकर काम सोडतात तिथे शब्द आठवण्याच्या चाचणीतले गुण कमी होते. याउलट निष्कर्ष काढणारे अभ्यासही आहेत आणि कंटाळवाण्या किंवा जीवघेण्या कामातून सुटल्यावर माणसे खुलतात, हे तर मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून या एका शोधनिबंधावर मी भार टाकत नाही.

आता अटींविषयी. बँकांतली मंडळी ही गोष्ट फार पूर्वीपासून करत आली आहेत: बढती घेतली तर बदली आसामात किंवा तामिळनाडूत होणार, म्हणून कित्येक अधिकारी वर्षानुवर्षे बढतीच्या मुलाखतीलाच बसत नाहीत आणि सांगली-कोल्हापूर सोडत नाहीत. त्यांना कोणी नावे ठेवत नाही. खाजगी कंपनीतला माणूस मात्र पुंजी कितीही झाली तरी "नाही" म्हणण्याला अपराध समजतो. आपण लिहिता की वरिष्ठ त्रास देत नाहीत. मग त्यांच्याशी सरळ बोलावे. पुढच्या बढतीच्या शर्यतीत मी नाही, हे आधी सांगावे. त्यामुळे निम्मी कुरबुर तिथेच मिटते, कारण आपल्या हाताखालच्या दोघांना वाट मोकळी होते आणि आपल्याकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहणारे अचानक सल्ला विचारायला येऊ लागतात. त्यानंतर कामाची वाटणी मागावी. ग्राहकाच्या तक्रारीसाठी रात्री-अपरात्री चेन्नई किंवा पुण्याला धावणे, महिनाअखेरीची सादरीकरणे, तीन-तीन तासांच्या आढावा बैठका, यांपैकी जे आपल्याला खाते आहे ते नाव घेऊन वेगळे काढावे. आणि पुरवठादारांच्या कारखान्यांत जाऊन शिकवणे, नव्या अभियंत्यांना तयार करणे, यांपैकी जे आवडते ते वाढवून मागावे. "कशासाठी करतो ते कळत नाही" असे म्हणणारी माणसे बहुधा सगळ्या कामाला विटलेली नसतात. दिवसाच्या कोणत्या तीन तासांना विटली आहेत हे त्यांनी कधी पाहिलेले नसते. महिनाभर रोज संध्याकाळी दोन ओळी लिहून ठेवल्या तरी ते कळते.

आठवड्याला चार दिवस काम, हे उपमहाव्यवस्थापकाच्या हुद्द्यावर आपल्याकडच्या कंपन्या सहसा मान्य करत नाहीत. मागून पाहायला हरकत नाही, पण नकाराची तयारी ठेवावी. त्याऐवजी सल्लागार म्हणून करार देऊ करणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत, आणि इथे घाई करू नये. करारावर गेलात की भविष्य निर्वाह निधीतले योगदान थांबते, सामूहिक विमा बहुधा जातो, शुल्कावर १० टक्के उद्गम करकपात (टीडीएस) होते आणि वर्षाची एकूण प्राप्ती २० लाखांच्या वर गेली तर वस्तू व सेवा कराची नोंदणी घ्यावी लागते. ही सगळी झंझट परवडते, पण विम्याची तीन वर्षे सरल्यानंतर. म्हणून क्रम असा असावा: आधी नोकरीत राहून कामाची वाटणी बदलणे आणि मग, ५५ नंतर, करार. सोडल्यावर स्पर्धक कंपनीकडे जाता येणार नाही, असे कलम नेमणूकपत्रात असेल तर त्याला घाबरू नये. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी सामान्यतः टिकत नाही. गोपनीयतेचे कलम मात्र टिकते, ते पाळावे.

माझ्या या मताला मी स्वतःच काही अपवाद करतो. डॉक्टरांनी रक्तदाब किंवा हृदयाबद्दल स्पष्ट इशारा दिला असेल, आईंना रोजच्या सोबतीची गरज लागली असेल, किंवा कंपनीत खोट्या तपासणी अहवालांवर सह्या कराव्या लागत असतील, तर तीन वर्षांचा हिशेब बाजूला ठेवून उद्या सोडावे. पुंजी तेवढी आहे, थोडा हात आखडता घ्यावा लागेल इतकेच. आणि चौथा अपवाद म्हणजे समोर ठरलेले काम उभे असणे. नुसती कल्पना पुरत नाही. काम उभे असले पाहिजे. धोंडो केशव कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले, १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढले आणि १९६२ मध्ये, वयाच्या १०५ व्या वर्षात, ते गेले. म्हणजे प्राध्यापकी संपल्यानंतर ते ४८ वर्षे जगले. निवृत्तीनंतरच्या आयुष्याचा दाखला म्हणून हे उदाहरण नेहमी दिले जाते, पण त्यातला महत्त्वाचा भाग वगळून. त्यांची विधवांसाठीची अनाथ बालिकाश्रम मंडळी १८९६ पासून चालू होती, आश्रम हिंगण्याला नेला तेव्हाही ते गणित शिकवतच होते, आणि महाविद्यालय ते हिंगणे ही पायपीट त्यांनी वर्षानुवर्षे केली. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी नवे काही शोधायला घेतले नाही. अठरा वर्षे हातात असलेल्या कामाला त्यांनी पुरा वेळ दिला. ई. श्रीधरन १९९० मध्ये रेल्वेतून निवृत्त होऊन कोकण रेल्वेवर आले, त्यांचे उदाहरण थोडे वेगळे आहे: विद्या तीच, रूळ तेच, पण अधिकार आणि अटी नव्या. रोहा ते मंगळुरू मार्ग १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाला. आपला पिंड या दोहोंपैकी दुसऱ्याच्या जवळचा आहे असे आपल्या पत्रावरून वाटते, म्हणून मी कामाच्या अटींवर इतका भर दिला.

आपण जागा अडवून बसलो आहोत का, ही शंका आपण शेवटी व्यक्त केली आहे. आपण सोडल्यावर आपली जागा तरुणाला मिळेलच असे नाही. अलीकडे कंपन्या अशा वेळी दोन पदे एकत्र करून मोकळ्या होतात. हाताखालच्या एखाद्याला तीन वर्षांत तयार करून त्याचे नाव वरिष्ठांपुढे लेखी ठेवणे, हे त्या तरुणाच्या दृष्टीने आपल्या राजीनाम्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

या तीन वर्षांत पगारातून उरणारे पैसे समभागांत वाढवत नेण्याचा मोह आवरावा. उलट दर सहा महिन्यांनी थोडे थोडे करून तीन वर्षांचा घरखर्च, म्हणजे सुमारे ४० लाख, मुदत ठेवी आणि अल्प मुदतीच्या रोखे फंडांत आणून ठेवावा, म्हणजे २००८ सारखे वर्ष आले तरी युनिट विकावी लागणार नाहीत. भविष्य निर्वाह निधी नोकरी सोडल्या दिवशीच काढण्याची गरज नाही, मात्र नोकरी संपल्यानंतर त्यावर मिळणारे व्याज करपात्र असते हे ध्यानात ठेवावे. कर्मचारी पेन्शन योजनेतले निवृत्तिवेतन ५० नंतर लवकर घेता येते, परंतु ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कपात होते; रक्कम मुळात काही हजारांची, ती आणखी कापून घेऊ नये.

राजीनाम्याच्या तारखेबद्दल शेवटी सांगतो, कारण इथे चुकलेले लोक मी सर्वाधिक पाहिले आहेत. नोटिशीचा काळ तीन महिन्यांचा असेल तर तो मोजून शेवटचा दिवस ५५ वा वाढदिवस उलटल्यानंतरच येईल असे पाहावे. ५५ च्या बऱ्याच आधी बाहेर पडलेल्याला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेसाठी साठीपर्यंत थांबावे लागते. त्या योजनेसाठी कंपनीचा निवृत्तीचा दाखला लागतो, तो कोणत्या शब्दांत मिळेल हे मनुष्यबळ विभागाला आधी विचारून ठेवावे. शेवटचा दिवस मार्चअखेर न ठेवता शक्य तर एप्रिलमध्ये ठेवावा: ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत आणि रजेचे रोखीकरण नियमांच्या अधीन राहून २५ लाखांपर्यंत करमुक्त असले तरी त्यावरची रक्कम, उरलेला बोनस आणि इतर देणी अशा वर्षात येतील की ज्यात पगार एका महिन्याचाच असेल, आणि कराचा टप्पा खाली येईल. कुटुंबाच्या स्वतंत्र विम्याचा अर्ज मात्र तीन वर्षे थांबवू नये. तो याच महिन्यात भरावा, आणि त्यात मधुमेह लपवू नये.